लाल कोंबडीचा दोष किती, खुराड्याचा किती?

प्रश्न: आमची वस्ती जुन्नर तालुक्यात आहे. दोन वर्षांपासून परसात कोंबड्या पाळते. बारा कोंबड्या आणि एक कोंबडा, त्यात काही गिरिराज, काही लाल आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) जातीच्या. आधी दिवसभर मोकळ्या फिरायच्या. दिवाळीनंतर बिबट्या उसातून वस्तीपर्यंत यायला लागला, शेजारची शेळी नेली. तेव्हापासून कोंबड्या १० बाय ८ फुटांच्या जाळीच्या शेडमध्ये कायम बंद असतात. भीतीपोटी आत रात्रभर १०० वॅटचा बल्ब चालू ठेवते. खायला मका आणि घरातला उरलेला भात-भाकरी. महिन्यापूर्वी आठवडी बाजारातून पाच कडकनाथ तलंगा (अंड्यावर यायच्या वयाच्या कोंबड्या) आणल्या आणि त्याच दुपारी आत सोडल्या. त्या दिवसापासून टोचाटोची सुरू आहे. दोघींची शेपटीच्या वरची पाठ उघडी पडलीय. गेल्या आठवड्यात एक मेली, मागून आतडं ओढून काढलेलं. ती नुकतीच अंड्यावर आली होती. जुन्या दोन गिरिराजांच्या पाठीवरचीही पिसं गेलीत. एक लाल कोंबडी सगळ्यांच्या मागे लागते. शेजारचे पोल्ट्रीवाले म्हणतात, सगळ्यांच्या चोची कापा. सासूबाई म्हणतात, त्या लाल कोंबडीलाच कापा. मी काय करू?

उत्तर:

ताई, कारणं नंतर वाचा. आधी उठा आणि उघड्या पाठीच्या त्या दोन कडकनाथ बाहेर काढा. कोंबडीला लाल रंग उत्तम दिसतो, आणि ओलं, लाल, चमकणारं काही दिसलं की ती चोच मारून बघतेच. त्यात वैर नसतं. पण एकीने रक्त काढलं की चार जणी जमतात, आणि मग रात्रीपर्यंत कोंबडी राहत नाही. तुम्ही एकदा ते पाहिलं आहे.

कडकनाथच्या बाबतीत एक अडचण असते. तिची कातडीच काळी, त्यामुळे जखम लांबून दिसत नाही. पांढऱ्या कोंबडीला टोच बसली की लगेच लक्षात येतं, कडकनाथची पाठ मात्र नुसती पिसं गेल्यासारखी वाटते आणि आत मांस उघडं पडलेलं असतं. म्हणून नजरेवर विसंबू नका. कोंबडी काखेत धरा, उजेडात न्या, शेपटीच्या बाजूकडून पिसांवर उलटी फुंकर मारा आणि बोटाने चाचपा. ओलं लागतंय का, खपली धरलीय का, कुठे मऊ पोकळी आहे का, ते बघा. शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेभोवतीही बघा. पांढऱ्या अळ्या दिसल्या किंवा जखम मांसापर्यंत गेली असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. सरळ १९६२ ला फोन लावा, पशुसंवर्धनाच्या फिरत्या दवाखान्याचा तो टोल फ्री नंबर आहे, किंवा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथेच विचारून घ्या.

वरवरची जखम असेल तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा एक चमचा मीठ घाला आणि त्याने हळूच धुवा. कोरडं करून कडुनिंबाच्या तेलात कालवलेली हळद लावा. तेलाच्या कडू वासाने माश्या लांब राहतात आणि दुसऱ्या कोंबडीलाही तिथे चोच मारावीशी वाटत नाही. रोज एकदा, खपली धरून नवी पिसं फुटेपर्यंत. नवी पिसं निघतात तेव्हा त्यांच्या नळीत रक्त असतं, ती निळसर दिसतात आणि दुसऱ्या कोंबड्यांना तीच ओढायला आवडतात. त्यामुळे जखम भरली म्हणून लगेच परत सोडायची घाई नको. पिसांनी पाठ झाकू द्या.

या दोघींना ठेवायचं कुठे? डालग्याखाली किंवा पिंजऱ्यात, पण शेडच्या जाळीला लागून, बाकीच्यांना दिसतील अशा. पूर्ण नजरेआड केल्या तर दहा-बारा दिवसांत त्या परक्या होतात आणि परत सोडल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

दुसरं काम आज संध्याकाळचं, तो बल्ब. १०० वॅटचा बल्ब रात्रभर डोक्यावर असेल तर कोंबडीला झोप नाही, आणि झोप नसलेली कोंबडी चिडचिडी होते. शिवाय लख्ख उजेडात एकीला दुसरीची प्रत्येक जखम, प्रत्येक उपटलेलं पीस दिसतं. बिबट्याला थोपवते ती जाळी आणि कडी, बल्ब नव्हे. तुमची जाळी साधी षटकोनी कोंबडीजाळी असेल तर ती कोंबड्यांना आत ठेवण्यापुरती आहे, बिबट्याच्या पंजासमोर टिकायची नाही. खालचे चार फूट तरी जाड वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची मजबूत जाळी, लावून घ्या, छतही बंद असू द्या. उजेड हवाच असेल तर शेडच्या बाहेर, अंगणाकडे तोंड करून लावा. मात्र २४ तासांच्या उजेडावरून एकदम १२ तासांवर आणलंत तर अंडी घटतील, काही कोंबड्या पिसं झाडायला लागतील. म्हणून आत ९ वॅटचा साधा एलईडी रात्री नऊपर्यंत ठेवा. मार्चमधला दिवस धरून १४ तासांवर उजेड होतो. अंड्याला तेवढा पुरतो, १६ च्या वर तर कधीच नको. आणि सगळ्या दांडीवर बसल्यानंतरच बंद करा, नाहीतर अंधारात जमिनीवर अडकलेलीला दांडी सापडत नाही.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी भांडणं एकत्र आली आहेत आणि तिन्हींची कारणं निराळी आहेत.

पहिलं भांडण मान-पानाचं. कोंबड्यांच्या कळपात पहिली कोण, दुसरी कोण, शेवटची कोण, हे ठरलेलं असतं. थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेतल्या माणसाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून ही उतरंड १९२१ मध्ये शास्त्रीय भाषेत मांडली. आपल्याकडच्या आज्यांना ती त्याआधीही ठाऊक होती, फक्त त्यांनी प्रबंध लिहिला नाही. ही टोच डोक्यावर किंवा तुऱ्यावर, समोरून बसते, एक-दोनच बसतात, आणि खालची कोंबडी बाजूला झाली की विषय संपतो. नवीन पक्षी आले की उतरंड मोडते आणि नव्याने लावावी लागते. आठवडाभर अशी झटापट झाली तर मधे पडू नका. तुम्ही जितकं सोडवायला जाल तितकं ते लांबतं.

दुसरं भांडण पिसं उपटण्याचं, आणि खरं तर त्याला भांडण म्हणताच येत नाही. तुमच्या कडकनाथच्या पाठीवर चाललंय ते हेच. नीट बघा: टोचणारी कोंबडी मागून येते, शांतपणे शेपटीच्या वरचं पीस चोचीत धरते, ओढते आणि बरेचदा खाऊन टाकते. रागाचा मागमूस नसतो. ती त्या पाठीवर चरत असते. रानकोंबडी जागेपणातला निम्म्याहून जास्त वेळ जमीन उकरण्यात आणि टोचण्यात घालवते, आणि ती सवय पाळीव कोंबडीच्या अंगातून गेलेली नाही. दिवाळीपर्यंत तुमच्या कोंबड्यांना अख्खं परस, उकिरडा, गोठ्यामागची ओली माती होती. दिवसभर उकरायचं, किडा दिसला की टिपायचा. आता मक्याचं भांडं दहा मिनिटांत रिकामं होतं आणि उरलेल्या दिवसात टोचायला समोर एकच वस्तू असते, शेजारणीची पाठ. त्यात ती शेजारीण अंगाने लहान, नवी, बुजरी आणि रंगाने सगळ्यांहून वेगळी. गिरिराज तर तिच्या दुपटीने जड. म्हणून पाळी कडकनाथवर आली.

जागा कमी पडते असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. १० बाय ८ म्हणजे ८० चौरस फूट, १७ पक्ष्यांना प्रत्येकी पावणेपाच चौरस फूट येतात. व्यवसायात गादीपद्धतीवर, म्हणजे जमिनीवर तुसाचा थर देऊन, दोन-अडीच चौरस फुटांत ठेवतात. तुमची जागा पुरेशी आहे, ती नुसती रिकामी आहे. खाली टणक जमीन, चार जाळ्या, एक भांडं. लपायला आडोसा नाही, पळून बसायला उंचवटा नाही.

ती भरा. जमिनीवर वीतभर जाड भाताचं तूस, वाळका पाला, उसाचं पाचट, जे मिळेल ते टाका. सकाळी आणि दुपारी मूठ-मूठ ज्वारी-बाजरी त्यात विखरून द्या, भांड्यात नाही. एकेक दाणा शोधायला त्यांना तास-तास लागला पाहिजे. आठवड्यातून दोन-तीनदा उकिरड्याच्या तळातली, गांडुळं असलेली पाटीभर माती एका कोपऱ्यात ओता आणि मागे होऊन बघा काय होतं ते. लसूणघासाची किंवा शेवग्याच्या फांद्यांची जुडी त्यांच्या मानेपेक्षा थोडी वर टांगा, म्हणजे प्रत्येक घासाला मान वर करावी लागेल. अख्खा कोबी दोरीला बांधून लोंबकळत ठेवला तरी चालतो. या चोथ्याने पोटही भरलेलं राहतं आणि पिसं खायची ओढ कमी होते. तुमच्या भागात नारायणगावच्या बाजारामुळे फेकलेला टोमॅटो भरपूर मिळतो. पिकलेला द्या, पण टोमॅटोचा पाला नको, आणि द्राक्षाच्या किंवा भाजीच्या फवारलेल्या प्लॉटमधलं काहीच नको.

एका कोपऱ्यात जुना टायर ठेवून त्यात कोरडी माती आणि चुलीतली पूर्ण विझलेली, चाळलेली राख भरा. चुना मिसळू नका, त्याने कातडी भाजते. धूळ अंगावर घेणं ही कोंबडीची आंघोळ आहे. ती मिळाली नाही की उवा वाढतात, उवांनी खाज सुटते आणि पिसांशी चाळा सुरू होतो. एकदा रात्री बॅटरी घेऊन जा आणि बसायच्या दांडीखाली पांढरा कागद घासून बघा. त्यावर रक्ताचे फराटे उठले तर फटींमध्ये रक्त पिणारे बारीक किडे, लाल माइट, आहेत. मग दांड्या काढून उन्हात टाकाव्या लागतील आणि औषध डॉक्टरांना विचारूनच फवारावं लागेल. शेतातलं कीटकनाशक खुराड्यात मारू नका, ते अंड्यात उतरतं.

आडोशांसाठी सुताराकडे जायला नको. दोन पत्र्याचे डबे आडवे, एक मोडकी खुर्ची, भिंतीला तिरक्या टेकवलेल्या दोन फळ्या. पाठलाग झाला की खालच्या कोंबडीला नजरेआड होता आलं पाहिजे, एवढंच बघा. अन्नाची भांडीही एकाऐवजी तीन करा आणि लांब-लांब ठेवा. एका भांड्यावर वरचढ कोंबडी पहारा देते, तीन भांड्यांवर तिला देता येत नाही. पाण्याचं तसंच, आणि उन्हाळ्यात तर जास्तच. मार्च ते मे पत्र्याखाली कोंबड्या तापतात आणि तापलेल्या कोंबड्या जास्त टोचतात. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या किंवा कडब्याच्या पेंढ्या पसरा, दुपारी बाजूला ओली गोणपाटं लावा.

आता खाण्याकडे येते, कारण पिसं उपटण्यामागे ते निम्मं कारण आहे. मक्यात प्रथिनं साधारण ९ टक्के. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे नुसत्या मक्यातून तिला जेमतेम १० ग्रॅम प्रथिनं मिळतात, तीही हलक्या प्रतीची. एका अंड्यातच ६ ते ७ ग्रॅम प्रथिनं बाहेर जातात. अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज १७-१८ ग्रॅम तरी हवीत. भात-भाकरीने पोट भरतं, हिशोब भरत नाही. पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं, आणि त्यात गंधक असलेली जी अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) असतात त्यांचीच मक्यात आणि भातात टंचाई. मोकळ्या होत्या तोवर किडे, गांडुळं, वाळवी खाऊन त्या ही तूट भरून काढत होत्या, म्हणून दोन वर्षं तुम्हाला काही जाणवलं नाही. मीठ कमी पडलं तरी कोंबड्या पिसांच्या आणि रक्ताच्या मागे लागतात. नुसत्या मक्यात मीठ नसल्यातच जमा.

सगळ्यात सोपं म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार लेअर खाद्य, १६ ते १८ टक्के प्रथिनांचं. गोळीपेक्षा भरड्याच्या रूपात घ्या, ते खायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ चोच कामात राहते. घरी करायचं असेल तर १० किलोला हे प्रमाण ठेवा: मक्याचा भरडा ५ किलो २०० ग्रॅम, सोयापेंड अडीच किलो, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ८०० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण २५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. पशुखाद्याच्या दुकानात मेथिओनिन (त्या गंधकवाल्या अमिनो आम्लांपैकी एक) मिळालं तर १० ग्रॅम त्यात मिसळा. मीठ वजन करूनच घाला, अंदाजपंचे मूठ नको, कारण जास्त मिठाने कोंबड्या मरतात. सोयापेंडीतला अर्धा किलो कमी करून सुकट घालायची असेल तर मीठ वगळा, सुकटीत ते आधीच असतं. मक्याला बुरशीचा वास येत असेल तर तो कोंबड्यांना नको आणि गाईलाही नको. खाद्य एकदम बदलू नका, आठवडाभरात हळूहळू जुनं कमी, नवं जास्त करत न्या. उरलेली भाकरी संध्याकाळी थोडी दिली तर बिघडत नाही.

तिसरं भांडण म्हणजे तुमची मेलेली तलंग, आणि ते सगळ्यात घातकी. अंडं बाहेर पडताना कोंबडीच्या गुदद्वाराचं आतलं अस्तर काही क्षण उलटून बाहेर येतं. ते ओलं आणि लालभडक असतं. पहिल्या-पहिल्या अंड्यांच्या वेळी तलंगेला जोर जास्त लावावा लागतो, आत जायला वेळ लागतो, कधी किंचित रक्तही येतं. अशा वेळी ती लख्ख उजेडात, सगळ्यांच्या समोर, जमिनीवर बसलेली असेल तर जी कोणी मागे उभी असेल ती टोचते. एकदा कातडी फाटली की आतडं हाताशीच असतं. तुमच्या पत्रात अंडी घालायच्या जागेचा उल्लेखच नाही, यावरून मी धरून चालते की ती वेगळी केलेली नाही.

चार-पाच कोंबड्यांमागे एक अशा चार जागा करा. जुनी घमेली, फळांचे लाकडी खोके, काहीही चालेल. आत वाळका चारा, खोली वीतभर, आणि तोंडावर गोणपाटाचा पडदा, मधे उभा चिरलेला. आत काळोख पाहिजे. कोंबडी आपोआप शिरते, काळोखात अंडं घालणं तिला आवडतंच. शेडच्या दारापासून लांब, पाठीमागच्या भिंतीला ठेवा. उरलेल्या कडकनाथ अंड्यावर यायच्या आधी हे झालं पाहिजे, म्हणजे याच आठवड्यात.

जुन्या दोन गिरिराजांची पाठ मात्र मला वेगळी वाटते. त्यांना धरून बघा. पिसं खांद्यांच्या मधे आणि मानेच्या मागे गेली असतील, दोन्ही बाजूंना सारखी, नळ्या मधेच मोडलेल्या, आणि जखम नसेल तर तो तुमच्या कोंबड्याचा प्रताप आहे. काही कोंबड्या त्याच्या आवडत्या असतात, त्यांच्याच पाठीवर तो वारंवार चढतो. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या ठीक असतात आणि तुमच्याकडे त्याहून जास्त आहेत, तेव्हा त्याला काढायची गरज नाही. त्याच्या नख्यांची आणि पायामागच्या काट्याची टोकं कानशीने बोथट करा आणि त्या दोघींना थोडे दिवस त्याच्यापासून लांब ठेवा. उलट पिसं शेपटीच्या मुळाशी उपटलेली असतील तर त्या दोघीही टोचणाऱ्यांच्या तावडीत सापडल्यात असं समजा.

आता सासूबाईंच्या सल्ल्याकडे. लाल कोंबडी सगळ्यांच्या मागे लागते असं तुम्ही लिहिलंय, पण ती नेमकं काय करते ते लिहिलेलं नाही. दुपारी तीन-चारच्या सुमारास शेडपासून दहा-बारा फूट लांब खुर्ची टाकून अर्धा तास बसा. मोबाइल आत ठेवा. ती डोक्यावर टोचून हाकलत असेल तर ती फक्त कळपातली पहिली आहे, आणि तिला कापलंत तर दुसऱ्या दिवशी दुसरी तिच्या जागी येईल. खरी पिसं उपटणारी बहुतेक वेळा गाजावाजा न करणारी, मधल्या फळीतली निघते. ज्या कोंबडीची स्वतःची पिसं शाबूत आणि चकचकीत असतात, तिच्यावर आधी संशय घ्या. सापडली की पायाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर चार लाल कोंबड्यांत उद्या ती ओळखू यायची नाही.

जी कोणी असेल तिला चार-पाच दिवस डालग्यात ठेवा, आणि इथे नियम उलटा: हिला कळपाच्या नजरेआड ठेवायचं. खाणं-पाणी नीट द्यायचं, ही शिक्षा नाही. दरम्यान बाकीच्यांची उतरंड तिच्याशिवाय लागते. परत सोडल्यावर तिला खालून सुरुवात करावी लागते, तेवढ्यानेच बऱ्याचजणी निवळतात. शेड भरून, खाणं सुधारून महिना झाला, दोनदा वेगळी ठेवून झाली, तरी तीच तीच पिसं उपटत असेल तर मग सासूबाईंचं ऐका. एका पक्ष्यासाठी १६ पक्षी पणाला लावण्यात काही दयाबुद्धी नाही, आणि तिला पाहून बाकीच्याही तेच शिकतात.

चोची कापायला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. तुमच्या शेजाऱ्यांच्या धंद्यात ते का करतात हे मला माहीत आहे: हजारो पक्षी, एक छत, आणि तेही पिल्लं आठवडा-दहा दिवसांची असताना, गरम पात्याच्या यंत्रावर. दोन वर्षांच्या कोंबडीची चोच घरी कात्रीने कापणं ही वेगळी गोष्ट. चोच म्हणजे नुसतं नख नाही. तिच्या टोकापर्यंत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. मोठ्या पक्ष्यात ती कापली की तुटलेल्या मज्जातंतूंच्या टोकांना गाठी धरतात आणि दुखणं कायमचं मागे लागतं. कोंबडी कमी खाते, जमिनीवरचा दाणा तिला उचलता येत नाही, आणि पिसांतल्या उवा वेचता न आल्याने त्या वाढतात. नॉर्वे, फिनलंड आणि स्वीडनमध्ये तर पोल्ट्रीतही चोच कापायला बंदी आहे. शिवाय कंटाळा आणि भूक ही कारणं तशीच राहतात, फक्त टोचीची धार जाते. फारच झालं तर त्या एका कोंबडीच्या वरच्या चोचीचं पुढे आलेलं अणकुचीदार टोक नखं घासायच्या कानशीने थोडं बोथट करा. रक्ताचा थेंब दिसायच्या कितीतरी आधी थांबायचं.

मोकळं सोडणं अगदीच बंद करू नका. बिबट्याचा वावर तिन्हीसांजेला आणि पहाटे जास्त असतो, म्हणून संध्याकाळची जुनी सवय मोडा आणि सकाळी ऊन चढल्यावर, नऊ ते अकरा, तुम्ही अंगणात कामाला असताना सोडा. दाण्याचा डबा वाजवून परत आत बोलवायची सवय दोन-तीन दिवसांत लागते. ऊस अगदी कुंपणाला लागून असेल तर हेही नको. त्यापेक्षा खाली तळ नसलेला, दोघांना उचलता येईल असा जाळीचा सरकता पिंजरा करून घ्या आणि रोज नव्या जागी ठेवा.

राहिल्या चार कडकनाथपैकी दोघी बाहेर काढल्यात, दोघी आत आहेत. आतल्या दोघींनाही आजच बाहेर काढून जखमी दोघींच्या शेजारी, पण वेगळ्या डालग्यात ठेवा. चौघींनी एकत्र परत जावं. एकटी-दुकटी सोडली की सगळ्यांचं लक्ष तिच्यावर जातं. पाठी भरल्या की रात्री, अंधार पडल्यावर, चौघींना उचलून दांडीवर बाकीच्यांच्या मधे बसवा. सकाळी लवकर उठून त्या उतरायच्या आधी तुसात दाणे टाकलेले असू द्या, आणि पहिला तासभर तिथेच थांबा.

मेलेलीच्या जागी नवी आणायचा विचार असेल तर दोन महिने थांबा. मग आणाल तेव्हा एक नको, निदान तीन आणा, आणि घरच्या कोंबड्यांच्या जवळपास वजनाच्या निवडा. बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला वेगळा ठेवायचा, त्याचं भांडं आणि त्याला लावलेला हातसुद्धा वेगळा. राणीखेत आणि देवी हे कोंबड्यांचे रोग अशाच खरेदीतून घरात येतात, आणि तुमच्या पत्रात लसीचा उल्लेख दिसला नाही. दवाखान्यात कोंबड्या दाखवायला न्याल तेव्हा राणीखेतची लस कधी टोचायची, ते विचारून तारीख लिहून घ्या.